चाव्या ठेवायचे दिवस

“राहू द्या हो चाव्या त्यांच्याकडेच. नाहीतरी आता कुठल्या कुलपाला लागतात?”

मी जिन्यात होते. हातात सीताफळांची टोपली होती आणि तळाचं एक फार पिकलेलं सीताफळ वर्तमानपत्रातून झिरपून माझ्या बोटांना ओलं लागत होतं. आवाज बोधनकरकाकांचा होता. ते आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांच्याबरोबर सुमनमावशी होत्या. त्या माझ्या नात्याच्या नाहीत, पण नारायणगुड्यातल्या या वाचनालयात येणारी प्रत्येक बाई कोणाची ना कोणाची मावशी असते.

“कुलूप बदललंय हे सांगितलं का त्यांना?” सुमनमावशींनी विचारलं.

“कोण सांगणार? तुम्ही सांगता?”

“मला नका पुढे करू. मी हळू बोलले तरी आबिड्सपर्यंत ऐकू जातं.”

एरवी या वाक्यावर दोघंही हसले असते. आज कोणी हसलं नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी चार पायऱ्या खाली उतरले आणि पाय वाजवत पुन्हा वर गेले, म्हणजे मी आत्ताच येतेय असं त्यांना वाटावं. ही युक्ती मी लहानपणापासून वापरते. लोकांना अवघडायला लागू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला स्वतःला अवघडायचं नसतं.

“आली का गं? वा, किती मोठी आणलीस यंदा!” सुमनमावशी टोपलीकडे बघत म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

ते ज्यांच्याबद्दल बोलत होते ते माझे बाबा. वाचनालयाचे कार्यवाह. चौदा वर्षं झाली.

दसरा संपला की हैदराबादला सीताफळांचा वास येऊ लागतो. तारनाक्याच्या चौकात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, बसथांब्यामागे हातगाड्या लागतात. गाड्यांवर हिरवट काळ्या फळांचे ढीग, आणि विकणारा प्रत्येक फळ हातात घेऊन अंगठ्याने इतकं हळू दाबून बघतो, जणू ते झोपलंय. हवेत धड थंडी नसते, धड उकाडा नसतो. दुपारी चारचं ऊन पिवळं होतं. हा वास आला की शाळेत सहामाहीच्या निकालाआधी मोजायचे तसे मी अजूनही दिवस मोजायला लागते. कारण दसऱ्यानंतरचा पहिला रविवार हा वाचनालयाच्या वार्षिक सभेचा दिवस.

सभेनंतर पेढे न वाटता सीताफळं वाटायची, ही आमच्याकडची जुनी पद्धत. पहिल्या सभेच्या दिवशी कोणीतरी परभणीकडच्या आपल्या शेतातून पोतंभर सीताफळं घेऊन आलं होतं, तेव्हापासून म्हणे. आता ज्यांची शेतं तिकडे होती ते सगळे इकडे नोकऱ्यांत आणि दुकानांत मुरलेत, आणि सीताफळं गाडीवरून येतात. पण येतात. पन्नास-साठ माणसं मांडीवर वर्तमानपत्र घेऊन बसतात, बिया तोंडातून काढून काठाशी ओळीने लावतात, आणि तेवढा वेळ वाचनालयात खरोखरची शांतता असते. यादम्मा, म्हणजे तिथली झाडलोट करणारी बाई, दारात उभी राहून दरवर्षी एकच वाक्य म्हणते, “पूरा चिपचिपा करते तुम लोगां.” आणि दरवर्षी दोन फळं पदरात बांधून नेते.

पण मी लहानपणी ज्यासाठी जायचे ते सीताफळ नव्हतं. ती चाव्यांची दहा मिनिटं होती.

वाचनालयाच्या घटनेत पदाधिकाऱ्यांची मुदत एक वर्ष होती. एकच. मग कोणी कितीही वेळा पुन्हा निवडून येवो, पण दर सीताफळांना त्याने लोकांसमोर आलंच पाहिजे. वर्षाचा अहवाल वाचून झाला की कार्यवाह उठायचे आणि चाव्यांचा जुडगा अध्यक्षांच्या टेबलावर ठेवायचे. पितळी कडी, हिरवा दोरा आणि तीन चाव्या. एक मोठ्या दाराची, एक कपाटांची, एक दुर्मिळ पुस्तकांच्या काचेच्या पेटीची. टेबलावर काच होती, त्यामुळे आवाज व्हायचा. मग कार्यवाह व्यासपीठावरून खाली उतरून तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ सर्वांसारखे बसायचे. अध्यक्ष विचारायचे, “कोणी उभं राहतंय का?” आणि थांबायचे. घाईघाईने नाही, खरोखर थांबायचे. कोणी उभं राहायचं, कधी दोघं राहायचे, कधी कोणीच नाही. हात वर व्हायचे. निवडून येईल तो जाऊन चाव्या उचलायचा.

या दहा मिनिटांत वाचनालयाला कार्यवाहच नसायचा. मी बारा वर्षांची होते तेव्हा बाबा पहिल्यांदा निवडून आले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी चाव्या ठेवल्या तेव्हा मी घाबरले होते. आता दार कोण लावणार? आपण सगळे आत आणि चाव्या कोणाच्याच नाहीत! मी त्यांच्या बाजूला बसले होते. मी कानात विचारलं, “Baba, what if nobody takes?” मी तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये होते आणि घाबरले की माझं इंग्रजी आपोआप बाहेर यायचं.

“मग सगळ्यांनी मिळून दाराशी बसायचं,” बाबा म्हणाले. ते हसत होते. त्यांचे खांदे खाली आले होते. घरी रेल्वेच्या हापिसातून आल्यावर, जेवताना, झोपतानासुद्धा त्यांचे खांदे किंचित वर असायचे, कोणी हाक मारील आणि उठावं लागेल असे. फक्त त्या दहा मिनिटांत ते खाली यायचे. मी ते बघायला जायचे. हे मी कोणाला कधी सांगितलं नाही.

मग हात वर व्हायचे, बाबा उठून जायचे, चाव्या उचलायचे आणि म्हणायचे, “बरं, एक वर्ष.”

दरवर्षी हेच तीन शब्द. लोक वाट बघायचे. मागून कोणीतरी त्यांच्या आधीच म्हणून टाकायचं आणि हशा व्हायचा.

एक वर्षच का, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. रविवारची सकाळ होती, आम्ही दोघं पुस्तकांना नवी कव्हरं घालत होतो. मला मराठी वाचायला वेळ लागतो, अजूनही लागतो. त्यामुळे बाबा मला वाचायचं काम द्यायचे नाहीत, डिंक लावायचं द्यायचे, आणि लावता लावता पुस्तकाच्या पाठीवरचं नाव मला मोठ्याने वाचायला लावायचे. तेवढीच माझी शिकवणी.

ते म्हणाले, “हे वाचनालय ज्यांनी काढलं ना, ती माणसं राजाच्या राज्यात जन्मलेली. राजाला मुदत नसते. तो मरेपर्यंत राजा. त्याला कोणी विचारू शकत नाही, आणि त्यालाही उठून जाता येत नाही. म्हणून या लोकांच्या हातात पहिल्यांदा नियम लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी लिहिलं, एक वर्ष. आमच्या बापांना फार घाई झाली होती बघ एकमेकांना विचारायची.”

‘त्यालाही उठून जाता येत नाही’ हे मला तेव्हा समजलं नाही. डिंक वाळून बोटांवर पापुद्रे आले होते, मी ते सोलत होते.

गेल्या वर्षी श्रावणात एका सोमवारी बाबा वाचनालयात गेले आणि संध्याकाळी सातला परत आले. सोमवारी वाचनालय बंद असतं. चौदा वर्षं बंद असतं. सकाळी आईने डबा भरून दिला तेव्हा तिला वाटलं, काही काम असेल. मी त्या दिवशी घरूनच काम करत होते. ते आले, चप्पल काढली, आणि माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

“आज कोणीच आलं नाही गं,” ते म्हणाले. मग बराच वेळ माझ्या लॅपटॉपकडे बघत होते. “सोमवार होता.”

“हो, बाबा.”

“मला चार वाजता कळलं. मग लगेच कसं उठायचं म्हणून बसलो.”

मी लॅपटॉप मिटला. मला अशा वेळी काही सुचत नाही. इंग्रजीतही नाही, मराठीतही नाही.

“पहिल्यांदा नाही झालं हे,” ते म्हणाले. “परवा एका बाईंना त्यांनी आधीच परत केलेलं पुस्तक मी तीनदा मागितलं. कोणाला सांगू नकोस. आईला मी सांगतो. वाचनालयात तर नकोच.”

“नाही सांगणार.”

मी शब्द पाळते. शांत माणसांबद्दल लोकांचा हा समज असतोच, की ती शब्द पाळतात. त्यात काही मोठेपणा नसतो. न बोलणं आम्हाला सोपं जातं एवढंच.

दोन महिन्यांनी सीताफळं आली आणि सभेच्या आधी बोधनकरकाकांचा फोन आला. बाबांना नाही, मला. घटनादुरुस्तीचा मसुदा टाईप करून हवा होता. “तुला त्या कम्प्युटरवर मराठी येतं म्हणतात, बेटा. एकच नियम आहे.”

खरंच एकच नियम होता. आणि त्यातला बदलही जवळजवळ एकाच शब्दाचा होता. ‘पदाधिकाऱ्यांची मुदत एक वर्षाची राहील’ याच्या जागी ‘पाच वर्षांची’. काकांची कारणं खरी होती. दरवर्षी पदाधिकाऱ्यांची यादी सरकारी कचेरीत द्या, बँकेत सह्या बदला, ओळखपत्रं जोडा. आणि निवडून तर दरवर्षी कदमसाहेबच, म्हणजे बाबाच, येतात. मग हा उपद्व्याप कशाला?

मी तो शब्द खोडला आणि दुसरा लिहिला. माझ्या मराठी टायपिंगचा वेग बघता अर्धं मिनिट लागलं असेल. मग मी बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मला पक्कं ठाऊक होतं, की बाबांना पाच वर्षं नाहीत. म्हणजे तशी असतील, देवाने करावं असोत, पण ही पाच नाहीत. कदाचित दोनही नाहीत. शेजारच्या खोलीत बाबा आईला विचारत होते, चष्मा कुठे आहे. आई म्हणाली, डोळ्यांवर. दोघं हसले. मी मसुदा पाठवून दिला.

सभेत सुमनमावशींनी भाषण ठोकलं. त्या उभ्या राहिल्या की खुर्च्या आपोआप सरळ होतात. “आमदाराला पाच, नगरसेवकाला पाच, आणि आमच्या कदमसाहेबांना एकच? त्या लोकांनी असं काय पुण्य केलं आणि यांनी काय पाप केलं?” हशा, टाळ्या. मागून कोणीतरी म्हणालं, “मावशी, तुम्ही उभ्या राहा ना मग!” “मी? मला पाच वर्षं सोसाल का तुम्ही?” पुन्हा हशा. एका आजोबांनी उभं राहून विचारलं, “पण पहिल्या लोकांनी एकच वर्ष काही विचार करूनच ठेवलं असेल ना?” काका म्हणाले, “तेव्हा बँका बऱ्या होत्या, आजोबा.” ते आजोबा खाली बसले.

दोन तृतीयांश हात लागणार होते. काका ओळीने मोजत आले. माझ्या रांगेपर्यंत आले तेव्हा थांबले. अठरा पूर्ण झाल्यापासून मी सभासद आहे, म्हणजे हात माझाही हवा होता. शाळेत वर्गप्रतिनिधी निवडायच्या तेव्हा मी नेहमी आजूबाजूचे हात बघून हात वर करायचे, अर्धा, कोपरात वाकलेला, म्हणजे कोणी विचारलं तर केस नीट करत होते म्हणता यावं. तसाच वर केला. काकांनी तो मोजला.

मी तेव्हा का बोलले नाही याची कारणं मी वर्षभर शोधली आहेत, आणि मला मिळालीही आहेत. शब्द दिला होता. डॉक्टरही नंतर म्हणालेच, रोजचा क्रम मोडू नका. बाबांना घराबाहेर पडायला निमित्त हवं होतं. सगळी चांगली कारणं आहेत. पण एक कारण आहे जे मी मोजत नाही. मला वाटलं होतं, ते पाच वर्षं कार्यवाह राहिले, तर पाच वर्षं ते माझे पूर्वीचे बाबाही राहतील. कागदावर लिहिलं म्हणजे झालं. कचेरीतला शिक्का, बँकेतली सही. कोण खोटं पाडणार?

ठराव पास झाला. मग नव्या मुदतीसाठी निवडणूक. बाबांनी चाव्या ठेवल्या, खाली येऊन खिडकीजवळ बसले. खांदे खाली आले. हात वर झाले. ते उठले, चाव्या उचलल्या आणि म्हणाले, “बरं, एक वर्ष.”

“पाच, साहेब! पाच!” सगळी खोली हसली.

बाबाही हसले. सगळ्यांना वाटलं, त्यांनी गंमत केली. मी त्यांचे डोळे बघितले. ते काकांच्या चेहऱ्यावर, मग मावशींच्या, मग माझ्या चेहऱ्यावर आले. रस्ता चुकलेला माणूस दुकानांच्या पाट्या बघतो तसे. माझ्यावर आल्यावर थांबले. मी मान खाली घातली आणि मांडीवर तयार ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या घड्या सारख्या करायला घेतल्या.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते ओळीने सांगता येत नाही. काही गोष्टी फार भरभर झाल्या आणि काही झाल्याच नाहीत, फक्त होत राहिल्या. त्यांनी पुस्तकांच्या नोंदी दोनदा लिहिल्या, मग लिहिणंच सोडलं. उन्हाळ्यात काचेची पेटी रात्रभर उघडी राहिली. जुन्या पोथ्यांची पानं वाळून वाकडी झाली, आणि बाबा शपथेवर सांगत राहिले की त्यांनी ती बंद केली होती. कोणी त्यांना बोललं नाही. आमच्या वाचनालयातली माणसं फार चांगली आहेत. ती चांगली नसती तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं.

वैशाखात आई आणि मी राजीनाम्याचं पत्र लिहिलं. आई सांगत होती, मी लिहीत होते. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ एवढ्यापर्यंत आलो आणि बाबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“मी आजारी आहे?” त्यांनी विचारलं.

आई पदराने ताट पुसत होती. ताट कोरडंच होतं.

“मग दुसरं काही कारण लिही,” बाबा मला म्हणाले. “खरं असेल ते लिही. मी सही करतो.”

मी पेन हातात धरून बसले. खरं कारण लिहिण्याइतकं मराठी मला येत होतं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि कागदाची नीट चौघडी करून खिशात ठेवली, जसं काही ते कोणाचं तरी परत करायचं पत्र असावं. पुन्हा तो विषय निघाला नाही.

तेव्हा मला ते डिंकाचं बोलणं आठवलं. राजालाही उठून जाता येत नाही. एका वर्षाची मुदत असती तर बाबांना कारण द्यावंच लागलं नसतं. दरवर्षीसारख्या चाव्या ठेवायच्या, खिडकीजवळ बसायचं, आणि या वेळी उठायचं नाही. एवढंच. कोणी विचारलं नसतं. टाळ्या झाल्या असत्या, सीताफळं वाटली गेली असती. जुन्या लोकांनी भिंतीत एक दार ठेवलं होतं आणि ते दर वर्षी दहा मिनिटं आपोआप उघडायचं. ते मी अर्ध्या मिनिटात बुजवलं.

आणि पावसाळ्यातली ती गोष्ट. मी बाबांना नारायणगुड्याला सोडायला जायचे. ते जिना चढायचे, खिशातून चाव्या काढायचे, मोठ्या दाराशी वाकायचे. चावी फिरायची नाही. ते ती उलटी करून बघायचे, दुसरी लावायचे, तिसरी लावायचे. तोपर्यंत यादम्मा येऊन पोहोचायची.

“सार, तुम ठैरो. मैं खोलती. बारिश में ताला अकड़ गया.” आणि तिच्या कमरेच्या चावीने दार उघडायचं.

“तेल घालायला पाहिजे याला,” बाबा दर वेळी म्हणायचे.

मला वाटायचं, किती चांगली बाई आहे, वेळेवर येते. पावसाने कुलूप अडकतं हेही मी मानलं होतं. मी इंजिनियर आहे. पाऊस थांबून महिना झाल्यावरही ते अडकतंय, हे मी बघत होते आणि तरी मानत होते.

आज जिन्यात उभं राहून मी ते ऐकलं तेव्हा मला धक्का बसला असं मी म्हणू शकत नाही. काहीतरी बरंच आधीपासून माहीत असलेलं कोणीतरी मोठ्याने म्हणालं, इतकंच. त्यांनी कुलपं बदलली होती आणि जुन्या चाव्या बाबांकडे राहू दिल्या होत्या. मायेने. त्यांचा मान राहावा म्हणून. गेले कित्येक महिने माझे बाबा कशालाच न लागणाऱ्या तीन चाव्या रोज सकाळी आठवणीने शर्टाच्या खिशात घालत होते. बाकी सगळं विसरत होते, ते विसरत नव्हते.

सभा चार वाजता सुरू झाली. खिडकीतून तेच पिवळं ऊन. यंदा निवडणूक नव्हती, त्यामुळे माणसं कमी होती, आणि जी होती ती सीताफळांच्या वासाने टोपलीकडे बघत होती. बाबा व्यासपीठावर काकांच्या शेजारी बसले होते. आईने त्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. ती घरीच राहिली होती. तिला बघवत नाही. कार्यवाहांचा अहवाल सुमनमावशींनी वाचला. तो त्यांनीच लिहिला होता, बाबांच्या नावाने. ‘मी आपला आभारी आहे’ हे वाक्य वाचताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच मला नीट ऐकू आला नाही.

अहवाल संपला. काकांनी पुढचा विषय घ्यायला कागद उलटला.

आणि बाबा उठले.

कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी खिशातून जुडगा काढला. पितळी कडी, आता काळपट पडलेला हिरवा दोरा. टेबलावर ठेवला. काचेवर तोच आवाज झाला. मग एकेक पाय जपून टाकत ते पायरी उतरले, तिसऱ्या रांगेत आले, खिडकीजवळच्या खुर्चीत माझ्या शेजारी बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघू लागले.

मागून एक हलकं “यंदा नाहीये ना?” आलं आणि विरलं. सुमनमावशी अहवालाचे कागद पुन्हा पुन्हा सारखे करत होत्या. यादम्मा दारात उभी होती, तिचा हात कमरेच्या चावीवर होता.

काका हसले. चांगल्या माणसाचं हसू. “अहो साहेब, इतक्यात कुठे? अजून चार वर्षं सुटका नाही तुमची!” लोकही हसले, सुटल्यासारखे. काकांनी टेबलावरचा जुडगा उचलला आणि ते खुर्च्यांमधून वाट काढत आमच्याकडे येऊ लागले.

मी बाबांकडे बघितलं. त्यांचे खांदे खाली आले होते. वर्षभरात पहिल्यांदा. मी तेरा वर्षांची असताना होते तितके खाली. उन्हाची तिरीप त्यांच्या गुडघ्यावर पडली होती आणि ते तिच्याकडे बघत होते, कोणी हाक मारणार नाही अशी खात्री असलेल्या माणसासारखे.

काका समोर येऊन उभे राहिले. जुडगा पुढे केला. बाबांनी आधी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग चाव्यांकडे. त्यांचे खांदे हळूहळू वर जाऊ लागले. उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला. ओठ हलले. “बरं, ए...”

माझी खुर्ची मागे सरकल्याचा मोठा आवाज झाला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उभी होते. या खोलीत इतक्या वर्षांत मी कधी उभी राहिले नव्हते. माझ्या बोटांना अजून सीताफळाचा चिकटपणा होता. मी बाबांचा वर आलेला हात धरला आणि माझ्या हातात ठेवला.

“काका, परत देऊ नका,” मी म्हणाले. “बाबांनी ठेवल्यात त्या.”